स्वतंत्र ॲनिमेशनपटाचा परदेशी गल्ला कसा वाचावा : कोकणातील निर्मात्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची २०११ च्या जनगणनेतील एकत्रित लोकसंख्या साधारण २४ लाख ६५ हजार भरते. बाल्टिक समुद्राकाठच्या लाटव्हिया या संपूर्ण देशाची लोकसंख्या १९ लाखांच्याही आत आहे. त्या देशातील गिंट्स झिल्बालोडिस या तरुण दिग्दर्शकाने फ्रान्स आणि बेल्जियम येथील सहनिर्मात्यांच्या साहाय्याने, ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर, सुमारे ३५ लाख युरो खर्चून ‘फ्लो’ हा संवादरहित ॲनिमेशनपट केला. मे २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला, मार्च २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले आणि जगभरातील त्याची तिकीटविक्री तीन कोटी डॉलरच्या वर गेली. कुडाळ, चिपळूण, रत्नागिरी, अलिबाग येथे संगणकावर ॲनिमेशन करणारी आणि पुढेमागे पूर्ण लांबीचा चित्रपट करण्याची उमेद बाळगणारी मुले आता आहेत. त्यांच्या मनात या आकड्यांमुळे आशा उत्पन्न होणे स्वाभाविक आहे आणि ती आशा रास्तही आहे. मात्र तीन कोटी डॉलर या आकड्याचा अर्थ काय, त्यातले किती निर्मात्यापर्यंत पोचते आणि आपल्या चित्रपटाचा अंदाज त्यावरून कसा बांधावा, हे मराठीत सविस्तर मांडलेले फारसे आढळत नाही. हा लेख त्यासाठी आहे.

येथे ‘स्वतंत्र’ म्हणजे मोठ्या स्टुडिओच्या भांडवलावाचून आणि त्याच्या स्वतःच्या वितरणयंत्रणेवाचून तयार झालेला चित्रपट, एवढाच अर्थ घेतला आहे.

पहिली पायरी : आकडा कशाचा आहे ते ठरवा

चित्रपटाच्या कमाईची बातमी वाचताना सर्वप्रथम एक प्रश्न विचारावा : हा आकडा ग्रॉसचा आहे, नेटचा आहे, वितरकाच्या हिश्श्याचा आहे, की प्रेक्षकसंख्येचा? ग्रॉस म्हणजे प्रेक्षकांनी खिडकीवर किंवा ॲपवर मोजलेली एकूण रक्कम. तिच्यातून तिकिटावरचा कर वजा केला की नेट उरते. नेटमधून थिएटरमालकाचा भाग गेला की उरतो तो वितरकाचा हिस्सा, ज्याला धंद्यात ‘शेअर’ म्हणतात. जगभराच्या कमाईचे जे आकडे प्रसिद्ध होतात ते बहुधा ग्रॉसचे असतात, तर आपल्याकडच्या हिंदी चित्रपटांच्या बातम्यांत अनेकदा नेट दिलेले असते. या दोन आकड्यांची थेट तुलना केली तर निष्कर्ष चुकणारच.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरील तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे २३६ रुपयांच्या तिकिटातील ३६ रुपये कराचे आणि २०० रुपये नेट. मल्टिप्लेक्स आणि हिंदी निर्माते-वितरक यांच्यात २००९ मध्ये ठरलेल्या सूत्रानुसार वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात नेटच्या ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के असतो. तेव्हा तेच तिकीट पहिल्या आठवड्यात वितरकाला १०० रुपये देते आणि चौथ्या आठवड्यात ६०. जो चित्रपट हळूहळू, तोंडी कौतुकावर चालतो त्याची कमाई उशिरा होते, म्हणून त्याच्या वितरकाला त्याच ग्रॉसमागे कमी रक्कम मिळते. स्वतंत्र ॲनिमेशनपट बहुतेक वेळा असाच चालत असल्याने ही बाब करार करण्यापूर्वी ध्यानात घेतली पाहिजे.

हापूसच्या बागायतदारांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. वाशीच्या बाजारात पेटीला काय भाव फुटला ते एक, आणि वाहतूक, हमाली, तोलाई वजा होऊन दलालाकडून आलेल्या पट्टीवर शेवटी काय लिहिले आहे ते दुसरे. चित्रपटाचा जागतिक गल्ला हा बाजारातला भाव आहे आणि आपल्याला पट्टीपर्यंत जायचे आहे.

दुसरी पायरी : आकडे कोठून घ्यावेत

देशवार विभागणी पाहण्यासाठी बॉक्स ऑफिस मोजो आणि द नंबर्स ही संकेतस्थळे सुरुवातीला पुरेशी आहेत. मात्र त्यांवर प्रत्येक देशाचा आकडा शेवटपर्यंत अद्ययावत केलेला असेलच असे नाही, विशेषतः छोट्या चित्रपटांच्या बाबतीत. एखाद्या देशाचा आकडा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर थिजलेला दिसला, तर चित्रपट तेथील पडद्यांवरून उतरला असे समजू नये. नोंद थांबली असण्याचीही शक्यता असते.

युरोपसाठी याहून चांगला मार्ग आहे. स्ट्रासबर्ग येथील युरोपियन ऑडिओव्हिज्युअल ऑब्झर्व्हेटरीचा ‘ल्युमिएर’ हा माहितीसंग्रह १९९६ पासूनच्या चित्रपटांची देशवार प्रेक्षकसंख्या देतो आणि तो कोणालाही पाहता येतो. फ्रान्समध्ये गल्ल्यापेक्षा विकलेली तिकिटे मोजण्याचीच रीत आहे. दक्षिण कोरियात तर ‘कोबिस’ या सरकारी यंत्रणेवर रोजची तिकीटविक्री दिसते. भारतात अशी एकही सार्वजनिक, अधिकृत यंत्रणा नाही. येथे जे आकडे फिरतात ते निर्मात्यांनी जाहीर केलेले किंवा व्यापारविश्लेषकांनी अंदाजलेले असतात आणि दोहोंत पुष्कळ तफावत असू शकते. म्हणून भारतीय चित्रपटाचा आकडा लिहून घेताना तो कोणी दिला हेही शेजारच्या रकान्यात लिहावे.

तिसरी पायरी : जागतिक बेरीज फोडून देशवार मांडा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण स्वतंत्र ॲनिमेशनपटाचे अर्थकारण येथेच उलगडते. एक कोरा तक्ता घ्यावा. त्यात प्रदर्शनाची तारीख, वितरक, पडदे, एकूण गल्ला, प्रेक्षकसंख्या आणि जागतिक बेरजेतील टक्केवारी असे रकाने करावेत आणि प्रत्येक देशाला एक ओळ द्यावी.

‘फ्लो’ असा मांडला तर पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी की अमेरिकेतील त्याची तिकीटविक्री पन्नास लाख डॉलरच्या आतच राहिली. म्हणजे जगातील सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एका बाजारपेठेने, ऑस्कर मिळूनसुद्धा, एकूण गल्ल्याचा एक-पंचमांशाहूनही कमी भाग दिला. मेक्सिकोत हा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये लागला आणि तेथील विक्री अमेरिकेपेक्षा जास्त झाली. खुद्द लाटव्हियात तीन लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली, म्हणजे साधारण दर सहा नागरिकांमागे एक, आणि देशाच्या चित्रपटगृहांतील तो सर्वाधिक पाहिलेला चित्रपट ठरला. रकमेच्या दृष्टीने लाटव्हियाचा आकडा लहान आहे, पण ज्या समाजातून चित्रपट आला त्या समाजाने तो असा उचलून धरल्याने बाहेरच्या वितरकांपुढे ठेवायला एक ठोस गोष्ट मिळाली. आपल्या जिल्ह्यांतील प्रेक्षकसंख्येकडेही याच नजरेने पाहावे असे मला मनापासून वाटते.

दुसरे उदाहरण ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ या २०१७ च्या पोलंड-ब्रिटन सहनिर्मितीचे. सव्वाशेच्या आसपास चित्रकारांनी सुमारे ६५ हजार चौकटी तैलरंगात रंगवल्या. खर्च सुमारे ५५ लाख डॉलर झाला. जागतिक गल्ला चार कोटी डॉलरच्या वर गेला, त्यात अमेरिकेचा वाटा सत्तर लाख डॉलरच्याही आत होता. तिसरे उदाहरण ‘पर्सेपोलिस’चे. २००७ साली कानमध्ये ज्यूरी पारितोषिक मिळवणारा हा फ्रेंच चित्रपट सुमारे ७३ लाख डॉलरांत झाला, जगभरात त्याने सव्वादोन कोटी डॉलरच्या आसपास कमावले आणि अमेरिकेत सुमारे ४४ लाख. फ्रान्समध्ये त्याची दहा लाखांहून अधिक तिकिटे गेली.

तीन चित्रपट, तीन वेगळी तंत्रे आणि तीन वेगळे विषय, तरीही मांडणी एकसारखी दिसते : घरची भक्कम बाजारपेठ, अमेरिकेचा एक-पंचमांशाहून कमी वाटा आणि उरलेली रक्कम अनेक मध्यम व लहान देशांतून थोडी थोडी जमा झालेली. म्हणून अमेरिकेत वितरक मिळाला नाही तर सारे संपले, असे मानण्याचे कारण नाही. उलट, वीस लहान देशांचे करार नीट सांभाळणारा विक्री-प्रतिनिधी, म्हणजे निर्मात्याच्या वतीने देशोदेशींच्या वितरकांना हक्क विकणारा मध्यस्थ, मिळणे अधिक महत्त्वाचे आहे.

याच्या उलट टोकाचे भारतीय उदाहरणही तक्त्यात असावे. जुलै २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘महावतार नरसिंह’ने तीनशे कोटी रुपयांहून अधिक गल्ला केला, परंतु त्याचा फार मोठा भाग भारतातूनच, त्यातही हिंदी आवृत्तीतून आला. हा यशाचा वेगळा मार्ग आहे. आपला चित्रपट यांपैकी कोणत्या मार्गाचा आहे हे पटकथेच्या टप्प्यावरच ठरवावे लागते, कारण दोन्हींसाठी भाषा, जाहिरात आणि वितरक सगळेच निराळे लागते.

चौथी पायरी : काळाचा पट्टा पाहा

मोठ्या स्टुडिओचा चित्रपट पहिल्या शुक्रवार ते रविवारवर जोखला जातो. स्वतंत्र ॲनिमेशनपटाला तो निकष लावल्यास अन्याय होतो. ‘फ्लो’ अमेरिकेत २२ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस येथील मोजक्या पडद्यांवर लागला. ‘विकेड’ आणि ‘ग्लॅडिएटर २’ त्याच दिवशी आले आणि ‘मोआना २’ पाच दिवसांनी. अशा गर्दीत शेकडो पडदे घेणे आत्मघातकी ठरले असते. पडदे नंतर वाढवत नेले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गोल्डन ग्लोब मिळाले, मग ऑस्करचे नामांकन, मग २ मार्चला ऑस्कर, आणि प्रत्येक टप्प्यावर निरनिराळ्या देशांतील वितरकांना आपापले प्रदर्शन त्या बातमीशी जोडून घेता आले.

म्हणून तक्त्यातील तारखांवर महोत्सव आणि पुरस्कार यांच्या खुणा कराव्यात. कोणत्या देशात चित्रपट पुरस्काराआधी लागला आणि कोणत्या देशात नंतर, हे पाहिल्यावर पुरस्काराचा परिणाम अंदाजाने सांगावा लागत नाही. फ्रान्समधील आनसी येथे दर जूनमध्ये भरणारा ॲनिमेशन महोत्सव १९६० पासून चालू आहे आणि त्यालाच जोडून मिफा हा ॲनिमेशनच्या खरेदी-विक्रीचा बाजार भरतो. ‘फ्लो’ला २०२४ मध्ये तेथे चार पारितोषिके मिळाली, त्यांत ज्यूरी आणि प्रेक्षक ही दोन्ही होती. ज्यूरी आणि प्रेक्षक एकाच चित्रपटावर एकमत होतात तेव्हा खरेदीदार सावध होऊन बसतात.

मर्यादित पडद्यांच्या प्रदर्शनात एकूण गल्ल्यापेक्षा प्रति-पडदा सरासरी अधिक बोलकी असते. चार पडद्यांवर भरलेले खेळ हे चारशे पडद्यांवरच्या रिकाम्या खुर्च्यांपेक्षा पुढच्या वितरकाला दाखवण्यासारखे असतात.

पाचवी पायरी : चलन आणि तिकीटदर बाजूला काढा

डॉलरमधील बेरीज दोन कारणांनी फसवते. एक, विनिमयदर. २०१२ च्या सुमारास एका डॉलरला साधारण ८० येन पडत, २०२४ मध्ये साधारण १५०. जपानमध्ये एक कोटी येन गल्ला करणारा चित्रपट पूर्वी सव्वा लाख डॉलरचा दिसला असता, आता सुमारे ६७ हजारांचा दिसेल. प्रेक्षक मात्र तेवढेच. दुसरे कारण तिकीटदराचे, ज्यावर फार बोलायला नको : नॉर्वेतील एक तिकीट आणि कणकवलीतील एक तिकीट यांतले अंतर सर्वांना ठाऊक आहे. यासाठी शक्य तेथे प्रेक्षकसंख्या घ्यावी, आणि ती मिळत नसेल तर गल्ल्याला त्या देशाच्या त्या वर्षीच्या सरासरी तिकीटदराने भागून ती अंदाजाने काढावी.

सहावी पायरी : पट्टीपर्यंतचा हिशेब

आता एक काल्पनिक हिशेब करू. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेवर आधारलेला आपला ॲनिमेशनपट फ्रान्समध्ये लागला आणि त्याची एक लाख तिकिटे सरासरी ७ युरोंनी विकली गेली असे धरा. ग्रॉस झाले ७ लाख युरो. फ्रान्समध्ये तिकिटावर १०.७२ टक्के विशेष चित्रपट-कर आहे, जो तेथील चित्रपटसाहाय्य निधीत जातो, आणि ५.५ टक्के व्हॅट आहे. हे दोन्ही आणि संगीतहक्काचे शुल्क वगैरे वजा जाता सुमारे ५ लाख ८० हजार युरो उरले. त्यातला निम्मा भाग वितरकाचा धरला तर २ लाख ९० हजार.

या रकमेतून वितरक प्रथम आपली फी घेतो. ती २५ टक्के धरली तर ७२ हजार ५०० युरो गेले आणि २ लाख १७ हजार ५०० राहिले. मग प्रसिद्धी आणि प्रती यांचा खर्च वसूल होतो. तो दीड लाख धरला तर उरले ६७ हजार ५००. वितरकाने करार करतेवेळी ६० हजार युरो मिनिमम गॅरंटी, म्हणजे किमान हमीची आगाऊ रक्कम, दिली असेल तर ती याच रकमेतून वळती होते आणि वरचे फक्त ७ हजार ५०० नव्याने मिळतात. एकूण ६७ हजार ५०० युरोंवर विक्री-प्रतिनिधीचे २० टक्के कमिशन म्हणजे १३ हजार ५००, आणि महोत्सवातील जाहिरात, प्रवास, पोस्टर यांचा त्याचा खर्च १० हजार. निर्मात्याच्या हाती आले ४४ हजार युरो, म्हणजे ७ लाखांतील सव्वासहा टक्क्यांच्या आसपास.

टक्केवाऱ्या करारागणिक बदलतील, परंतु वजावटीचा हा क्रम पक्का समजून घ्यावा. आता यातला एकच आकडा बदलून पाहा. प्रसिद्धीचा खर्च दीड लाखांऐवजी २ लाख २० हजार झाला, तर वितरक तोट्यात जातो आणि वरचे काहीच मिळत नाही. पण ६० हजारांची गॅरंटी परत करावी लागत नाही, ती निर्मात्याच्या बाजूला पक्की राहते. नवख्या निर्मात्याने वाढीव टक्केवारीच्या मोहात पडून गॅरंटी कमी करू नये, असे माझे ठाम मत आहे. परक्या देशातील खर्चावर आपले कोणतेही नियंत्रण नसते.

हा हिशेब पाहून निराश होण्याचे कारण नाही. दूरदर्शन वाहिन्या, स्ट्रीमिंग, विमानातील प्रदर्शन, शाळांतील खेळ यांचे हक्क गल्ल्यात धरलेलेच नसतात आणि ॲनिमेशनपटाला वर्षानुवर्षे नवे बालप्रेक्षक मिळत असल्याने हे हक्क पुन्हा पुन्हा विकता येतात. शिवाय युरोपातील अशा चित्रपटांचा बराचसा खर्च सार्वजनिक निधी आणि वाहिन्यांच्या आगाऊ खरेदीतून उभा राहिलेला असतो, तिकीटविक्रीतून तो सगळा भरून काढण्याचे ओझे निर्मात्यावर नसते. आपण त्यांचा खर्च आणि गल्ला यांची नुसती तुलना केली तर ही बाजू दिसत नाही. गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोज’ २०१९ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवाबरोबर भरणाऱ्या क्रिटिक्स वीक या विभागाचा उद्घाटनाचा चित्रपट होता आणि २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. अशा चित्रपटाचे मोल गल्ल्याच्या रकान्यातून कळणार नाही.

सातवी पायरी : आपल्या चित्रपटाला जोडीदार चित्रपट निवडा

खरेदीदारासमोर जाताना आपल्या चित्रपटाशी तुलना होऊ शकेल असे चार-पाच चित्रपट सांगावे लागतात. ते खर्च, प्रेक्षकवर्ग, संवादांचे प्रमाण आणि वितरणाचा आकार या बाबतींत जवळचे असावेत. विषयसाम्य दुय्यम आहे. समुद्र आणि मासेमारी आहे म्हणून अब्ज डॉलरच्या स्टुडिओपटाशी तुलना करू नये. ‘फ्लो’सुद्धा जपून वापरावा, कारण सध्या प्रत्येक जण तोच सांगतो, आणि त्याला संवाद नसल्यामुळे डबिंगचा खर्च व उपशीर्षकांचा अडसर कोणत्याही देशात आला नाही. आपल्या चित्रपटात दशावतारी बोलणे आणि मालवणी संवाद असतील, तर लहान मुलांच्या बाजारासाठी प्रत्येक देशात डबिंग लागेल. त्यासाठी संगीत आणि ध्वनिपरिणामांचा संवादविरहित ट्रॅक पहिल्यापासून वेगळा ठेवावा, नंतर तो काढणे महागात पडते. तुलनेच्या यादीत किमान एक तरी न चाललेला चित्रपट ठेवावा आणि तो का चालला नाही हे सांगण्याची तयारी ठेवावी. अनुभवी खरेदीदार ते नक्की विचारतो.

आठवी पायरी : बाजारात जाणे

या बाबतीत दक्षिण कोकणाला एक सोय लाभली आहे. इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत भरतो आणि त्याच सुमारास, नोव्हेंबरात, एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार गोव्यात भरतो. तो २००७ पासून चालू असून आता वेव्हज फिल्म बाजार या नावाने ओळखला जातो. परदेशी विक्री-प्रतिनिधी आणि महोत्सवांचे निवडकर्ते तेथे येतात, सहनिर्मितीसाठी स्वतंत्र विभाग असतो. सावंतवाडी किंवा वेंगुर्ल्याहून सकाळी निघून गाठता येईल इतके हे जवळ आहे. चित्रपट पूर्ण होण्याची वाट न पाहता, तीन-चार मिनिटांचा नमुना, चित्रफलक (स्टोरीबोर्ड) आणि वर सांगितलेला देशवार तक्ता घेऊन जावे.

विक्री-प्रतिनिधीशी बोलताना त्याने मागील तीन ॲनिमेशनपट कोणत्या देशांत विकले हे विचारावे. कमिशनबरोबरच त्याच्या खर्चावर कमाल मर्यादा लिहून घ्यावी. सर्व देशांचे उत्पन्न एका त्रयस्थ कलेक्शन अकाउंटमध्ये जमा होऊन तेथून वाटले जाईल, असे कलम शक्य असल्यास घालावे. भारताचे आणि मराठी आवृत्तीचे हक्क जागतिक करारातून वगळून स्वतःकडे ठेवावेत. परदेशातून येणाऱ्या रकमेवर तेथेच कर कापला जातो, म्हणून दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराचा लाभ घेण्यासाठी आयकर खात्याकडून टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट वेळेत काढावे. त्याचा अर्ज पहिला हप्ता येण्यापूर्वीच चार्टर्ड अकाउंटंटकरवी करणे बरे.

शेवटचे काम करार झाल्यानंतरचे आहे. पहिली दोन वर्षे दर तिमाहीला आणि त्यानंतर दर सहामाहीला देशवार हिशेबपत्र मिळाले पाहिजे, आणि वर्षातून एकदा स्वतःच्या खर्चाने हिशेब तपासण्याचा अधिकार असला पाहिजे, अशी दोन कलमे आग्रहाने घालून घ्यावीत. हिशेबपत्र आले की त्यातील प्रेक्षकसंख्या ल्युमिएर किंवा कोबिसवरील आकड्यांशी ताडून पाहावी, प्रसिद्धीखर्च ठरलेल्या मर्यादेत आहे का ते पाहावे आणि फरक आढळल्यास त्याच महिन्यात लेखी विचारणा करावी. बहुतेक करारांत हरकत घेण्याची मुदत ठरलेली असते आणि ती उलटून गेल्यावर चुकीचा आकडाही मान्य केला असे धरले जाते.